दोर धरतो कोण?



आजच्या पानाची सुरुवात एका प्रश्नापासून करू या. आमच्या पाचवीच्या वर्गात घर्षणाचा पाठ चालला होता. मी फळ्यावर लिहिलं, 'घर्षणामुळे वस्तू झिजतात. घर्षण कमी करण्यासाठी वंगण लावतात.' लगेच मागच्या रांगेतून आवाज आला, "मॅडम, म्हंजे घर्षण वाईटच असते न?"

मी म्हटलं, "उत्तर सोमवारी. तोवर तुम्हीच विचार करा."

सोमवार उजाडायच्या आत रविवार आला, आणि रविवारी जे घडलं त्यानं माझ्या काळजाचा ठोकाच चुकला. आमचं सोनाळा गाव सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. उत्तरेला डोंगर, खाली काळी जमीन, संत्र्याच्या बागा आणि शेताशेतातून जुन्या विहिरी. अशाच एका पडक्या विहिरीवर माझ्या वर्गातले तीन वीर बैलाचा कासरा घेऊन पोचले होते. कासऱ्याचं एक टोक बाभळीला बांधलं होतं, दुसरं विहिरीत सोडलं होतं. पहिला गडी दोर धरून काठावर बसलाच होता, तेवढ्यात बैलगाडी घेऊन जाणाऱ्या एका काकांनी त्याला पाहिलं. त्यांनी दंडाला धरून मागं ओढलं आणि तिघांनाही थेट माझ्या दारात आणून उभं केलं.

"काहून रे, विहिरीत कायले उतरत होता?"

तिघांच्या माना खाली. शेवटी एक जण पुटपुटला, "मॅडम, मोबाइलवर पायलं. एक माणूस कड्यावरून दोर धरून सरसर खाली आला. त्यानं तं नुसता हातानं दोर धरला होता!"

आता सांगा पाहू, त्यानं खरंच नुसता हातानं दोर धरला होता का? आज आपल्याला हेच शोधायचं आहे.

आबांची विहीर आणि कडुलिंब

ही गोष्ट मी तुमच्याएवढी असतानाची. माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, शेतात एक दगडी विहीर होती. तिच्या काठच्या दगडांना बोट बसेल अशा खाचा पडलेल्या होत्या. वर्षानुवर्षं पोहऱ्याचा दोर घासून घासून पडलेल्या. दोर तो केवढा मऊ आणि दगड केवढा कठीण! तरी दगड झिजला. घर्षणानं वस्तू झिजतात ती अशी.

उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की विहिरीतला गाळ काढायचा. त्यासाठी एका माणसाला खाली सोडावं लागे. दोराच्या टोकाला फळी बांधायची, तिच्यावर माणूस बसायचा. आणि वर दोर धरायला कोण? एकटे आबा! साठी ओलांडलेले, काटकुळे. खाली उतरणारे काका मात्र चांगले धिप्पाड.

मला वाटे, आबांच्या अंगात हत्तीचं बळ आहे. एकदा मी तसं म्हटलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "इकडे ये. हा दोर धर."

काका विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत होते. आबांनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं. मागच्या बाजूला ते स्वतः दोर धरून उभे होतेच. पण काही क्षण तो माणूस माझ्या, दहा वर्षांच्या पोरीच्या, हातावर होता. आणि गंमत म्हणजे मला जडसुद्धा वाटलं नाही! पाण्यानं अर्धी भरलेली कळशी धरावी, तेवढाच काय तो भार.

"आबा, काका एवढे हलके कसे?"

"हलका नाही झाला तो. त्याले मी नाही धरलं अन् तूही नाही. त्याले झाडानं धरलं."

मग मी पाहिलं. विहिरीकडून आलेला दोर आधी कडुलिंबाच्या खोडाला दोन पूर्ण वेढे घालत होता आणि मगच आबांच्या हातात येत होता. वेढ्यांवरचा दोर खोडाला घट्ट आवळून बसला होता. काकांचं वजन दोर ओढू पाहत होतं, खोड त्याला सरकू देत नव्हतं. आबांनी हात थोडा सैल केला की दोर हळूहळू सरकायचा. हात घट्ट केला की काका जिथल्या तिथं थांबायचे.

संध्याकाळी काकांना वर काढायची वेळ आली तेव्हा मात्र आबांनी झाडाचे वेढे सोडले, दोर विहिरीवरच्या चाकावर घेतला आणि चौघांनी मिळून ओढला. का बरं? कारण घर्षण नेहमी हालचालीच्या उलट काम करतं. खाली सोडताना ते आपला भार उचलतं, वर ओढताना तेच आपला भार वाढवतं. म्हणून खाली सोडायला झाड आणि वर ओढायला चाक!

लाटणं, दोरी आणि खोडरबर

तुम्हाला खोटं वाटतं? मग करून पाहा. एक लिटरची पाण्यानं भरलेली बाटली घ्या, म्हणजे झालं एक किलो वजन. तिच्या मानेला मीटर-दीड मीटरची सुती दोरी बांधा. एक लाटणं आडवं धरा. ते गोल फिरता कामा नये, म्हणून दोन्ही टोकांना दोघांनी घट्ट धरायचं. खाली बादली ठेवा, म्हणजे बाटली पडली तरी आईची बोलणी बसणार नाहीत!

पहिल्यांदा दोरी लाटण्यावरून नुसती पलीकडे टाका. हा झाला अर्धा वेढा. दुसरं टोक हातात धरून पाहा. बाटलीचा भार साधारण निम्मा झालेला जाणवेल. आता आणखी एक वेढा द्या, म्हणजे दीड. भार दहाव्या हिश्शावर येतो. आणखी एक, म्हणजे अडीच वेढे. आता त्या टोकाला खोडरबर बांधून सोडून द्या. वीस-पंचवीस ग्रॅमचं खोडरबर एक किलोच्या बाटलीला रोखून धरतं! नाही थांबली बाटली, तर अजून एक वेढा द्या. दोरी कशाची, लाकूड किती गुळगुळीत, यावर आकडे थोडे बदलतात.

यातली खरी मजा पाहा. एका वेढ्यानं भार पाचपट हलका होतो असं धरू. मग दोन वेढ्यांनी किती? दहापट? नाही. पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीसपट. तीन वेढ्यांनी एकशे पंचवीसपट! इथं बेरीज होत नाही, गुणाकार होतो. आता आबांचं गणित करा. काका साठ किलोचे, वेढे दोन. साठ भागिले पंचवीस, म्हणजे अडीच किलोसुद्धा नाही. माझ्या हातात तेवढंच आलं होतं. अर्धी कळशी!

हे गणित स्वित्झर्लंडमध्ये १७०७ साली जन्मलेल्या लेओनार्ड ऑयलर या महान गणितज्ञानं मांडलं आणि आयटेलवाइन नावाच्या जर्मन अभियंत्यानं पुढे नेलं. दोघांचंही नाव आज त्या सूत्राला आहे. त्यातून एक नवलाची गोष्ट कळते. झाड जाड असो की बारीक, त्यानं फरक पडत नाही. दोर किती फेरे घेतो आणि दोन पृष्ठभाग किती खरखरीत आहेत, एवढंच महत्त्वाचं. बंदराला लागलेली मोठी बोट एकटा खलाशी दोराचे चार वेढे खुंट्यावर टाकून थांबवतो, तो याच जोरावर.

कड्यावर झाड कुठून आणायचं?

आता मोबाइलवरच्या त्या माणसाकडे वळू. दोरानं कडा उतरण्याला आपल्याकडे 'रॅपलिंग' म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ 'परत बोलावणं'. कुणाला परत बोलावायचं? दोराला! आल्प्स पर्वतात जाँ शार्ले नावाचा एक वाटाड्या होता. १८७६ मध्ये पती द्रू नावाच्या सुळक्यावर तो एकटाच चढायला गेला. तेव्हा शिखर काही त्याच्या हाती लागलं नाही, पण उतरण्याची एक युक्ती हाती लागली. दोर मध्यावर दुमडून खडकाला अडकवायचा, दोन्ही पदर धरून खाली यायचं आणि मग एक पदर ओढून सगळा दोर खाली घ्यायचा. पुढं १८७९ मध्ये त्यानं आपल्या साथीदारांसह तो सुळका सरही केला.

पण हातानं किती वेळ धरणार? मग जर्मनीच्या हान्स ड्युल्फर या तरुण गिर्यारोहकानं पहिल्या महायुद्धाआधीच्या काळात एक रीत रूढ केली. दोर मांडीखालून काढायचा, छातीवरून तिरपा घ्यायचा, खांद्यावरून पाठीवर सोडायचा आणि हातात धरायचा. लक्षात आलं का? आबांनी दोर झाडाला गुंडाळला, यानं तो स्वतःलाच गुंडाळला! माणूसच झाड झाला. भार हलका झाला खरा, पण मांडी आणि खांदा मात्र चांगलेच भाजून निघायचे.

म्हणून आता कमरेला आणि मांड्यांना मजबूत पट्ट्यांचा साज बांधतात. त्याला 'हार्नेस' म्हणतात. त्याला अडकवलेली असते धातूची एक वस्तू, बरीचशी आठ या इंग्रजी आकड्यासारखी, एक कडं मोठं आणि एक लहान. दोर त्या कड्यातून वळणं घेत जातो. हेच ते खिशात मावणारं कडुलिंबाचं झाड! आबांचं झाड जागेवर उभं होतं आणि दोर सरकत होता. कड्यावर दोर जागेवर असतो आणि 'झाड' माणसाबरोबर खाली येतं. फरक एवढाच.

त्या माणसाचा एक हात दोराच्या खालच्या पदरावर, कमरेजवळ असतो. तो हात माणसाचं वजन पेलत नाही. आबांसारखा तो फक्त घर्षण कमी-जास्त करतो. दोर मागं ओढला की वळण वाढतं आणि माणूस थांबतो. सैल सोडला की माणूस उतरतो. मोबाइलच्या त्या छोट्याशा पडद्यावर पट्टा दिसला नाही, कडं दिसलं नाही, डोक्यावरचं हेल्मेटही नीट दिसलं नाही. दिसला फक्त हात. आणि आमचे वीर कासरा घेऊन निघाले!

दादाचे तळहात

आता एक दुखरी गोष्ट. आबांची ती करामत पाहून माझ्या चुलतभावाला, दादाला, चेव चढला. त्यानं कडुलिंबाच्या उंच फांदीला दोर बांधला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, घरचे झोपलेले पाहून, वरून सर्रकन घसरला. वेढा नाही, कडं नाही, नुसते दोन हात. अर्ध्यात आल्यावर त्यानं किंकाळी फोडली आणि दोर सोडला. खाली नांगरलेली माती होती म्हणून हाडं वाचली. पण दोन्ही तळहातांची सालटी निघाली होती. सातवीची परीक्षा तोंडावर आलेली, आणि पंधरा दिवस दादाला पेन धरता आलं नाही. आजी त्याला घास भरवायची. तो लाजायचा, पण करणार काय?

दादाचे हात कशानं भाजले? तिथं विस्तव तर नव्हता. दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात घासून पाहा. गरम झाले ना? उंचावरचा माणूस खाली येतो तेव्हा त्या उंचीमुळे त्याच्याजवळ असलेली ऊर्जा कुठंतरी जायलाच हवी. धपकन पडला तर ती हाडं मोडण्यात जाते. दोर धरून उतरला तर घर्षणानं तिची उष्णता होते.

किती उष्णता? साठ किलोचा माणूस तीस मीटर, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीएवढा, उतरला तर जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात अर्धा कप पाणी उकळेल! कड्यावर ही उष्णता धातूच्या कड्यात, दोरात आणि हवेत जाते. दादाच्या बाबतीत बरीचशी त्याच्या तळहातांच्या कातड्यात गेली, तीही दोन-तीन सेकंदांत.

म्हणूनच जाणकार गिर्यारोहक सावकाश उतरतात. सिनेमातल्यासारख्या लांब लांब उड्या मारत नाहीत. भरभर उतरलं की कडं तापतं, कधी कधी हात लावता येत नाही इतकं. आजचे दोर असतात नायलॉनचे. आत धाग्यांचा गाभा आणि वर विणलेली साल. नायलॉन प्रकाराप्रमाणे साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतो, आणि मऊ तर त्याआधीच पडू लागतो. नायलॉनचा दोर नायलॉनच्याच पट्ट्यावर एका जागी सरसर घासला, तर पट्टा वितळून तुटू शकतो. म्हणून मध्ये धातूची कडी लागतेच. तर घर्षण आपल्याला वाचवतं ते असं, आणि भाजतंही ते असं. ते आपण तळहातावर घेतो, झाडावर घेतो की धातूच्या कड्यावर घेतो, यावर सगळं ठरतं.

चंद्रपूरची मुलं

मग दोरावर उतरणं हे मुलांचं कामच नाही का? आहे तर! आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांमधल्या मुलामुलींना 'मिशन शौर्य' या मोहिमेसाठी निवडलं गेलं, आणि मे २०१८ मध्ये त्यांच्यापैकी पाच जण जगातल्या सर्वांत उंच शिखरावर, एव्हरेस्टवर, जाऊन पोचले. त्यांत एक मुलगीही होती. तुमच्याआमच्यासारख्या गावांतली, पायी शाळेत जाणारी ही मुलं. पण ती एका रविवारी मोबाइल पाहून निघाली नव्हती बरं का! आधी खडकांवर आणि मग हिमालयात असं महिनोन् महिने त्यांचं शिक्षण झालं. गाठी कशा मारायच्या, पट्टा कसा बांधायचा, दोर कसा तपासायचा, हे सगळं पुन्हा पुन्हा घोटून घेतलं गेलं.

एव्हरेस्टच्या वाटेवर दोर बांधलेले असतात. परतताना सौम्य उतारावर गिर्यारोहक तो दोर हाताला गुंडाळून उतरतात, आणि उभ्या उतारावर धातूच्या कड्यातून. म्हणजे पुन्हा आबांचे वेढे! आणि उतरताना जास्तच सांभाळावं लागतं. अंगात शक्ती उरलेली नसते आणि 'आता काय, झालंच' असं मन म्हणत असतं.

या विद्येचा उपयोग केवळ शिखरांसाठी नाही. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरच्या आंबेनळी घाटात सहलीची एक बस दरीत कोसळली आणि तीस माणसं गेली. भर पावसात, निसरड्या कड्यावरून त्या दरीत उतरलं कोण? महाबळेश्वरचे ट्रेकर आणि बचाव पथकांतले जवान. दोर टाकून ते शेकडो फूट खाली गेले आणि घरच्यांची माणसं घरच्यांना परत मिळावीत म्हणून राबले. आयुष्यभर हौसेनं शिकलेली गोष्ट त्या दिवशी दुसऱ्यांच्या कामी आली.

चूक कुठं होते?

तुम्हाला वाटेल, दोर तुटला की अपघात होतो. चांगला दोर सहसा असा तुटत नाही. अपघात होतात ते साध्या साध्या चुकांनी. दोर खालपर्यंत पोचलाय की नाही हे पाहिलंच नाही आणि माणूस दोराच्या टोकावरून निसटला. म्हणून दोराच्या टोकाला आधीच जाड गाठ मारतात. दोर बांधलेला दगड हलला. म्हणून एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी बांधतात. धारदार कडेवर दोर घासत राहिला. आठवा, विहिरीवर मऊ दोरानं दगड कापला होता. कड्यावर धारदार दगड दोराला कापतो. म्हणून कडेवर जाड कापड घालतात. मोकळे केस किंवा ओढणी कड्यात अडकली. म्हणून केस घट्ट बांधायचे, कपडे आत खोचायचे.

शिवाय खाली एक जोडीदार दोराचं टोक हातात घेऊन उभा असतो. वरच्याचा हात सुटला तर त्यानं खालून दोर ताणायचा. कड्यातलं घर्षण वाढतं आणि माणूस थांबतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, निघण्याआधी आपला पट्टा, आपली गाठ, आपलं कडं दुसऱ्याला तपासायला लावायचं. कितीही मोठा तज्ज्ञ असला तरी.

कारण डोंगर कुणाची भीड ठेवत नाही. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या मोहिमेत अरुण सावंत या जुन्याजाणत्या गिर्यारोहकाचा दरीत पडून मृत्यू झाला. उभं आयुष्य सह्याद्रीत घालवलेला माणूस! त्यांच्यासारख्यांनाही जिथं क्षणाक्षणाला जपावं लागतं, तिथं कासरा घेतलेल्या तीन पोरांची काय कथा?

आबा तर गाळ काढायच्या आदल्या दिवशी सगळा दोर अंगणात पसरायचे आणि टोकापासून टोकापर्यंत तळहातातून ओढून पाहायचे. कुठं पीळ सुटलाय, कुठं कुजलाय, कुठं उंदरानं कुरतडलाय. मी म्हणायची, "आबा, दिसतो की चांगला." ते म्हणायचे, "डोये फसतात, पोरी. हात नाही फसत."

विहीर म्हणजे कडा नव्हे

एक गोष्ट मात्र नीट ऐका. जुन्या विहिरीत दोराचा धोका असतोच, पण त्याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, विषारी वायू साचलेला असू शकतो. आबा माणूस सोडण्याआधी पेटता कंदील खाली सोडायचे. तो विझला की त्या दिवशीचं काम बंद. पण काही विषारी वायू असे असतात की दिवा जळत राहतो आणि माणूस मात्र बेशुद्ध पडतो. म्हणून ही जुनी परीक्षाही पुरेशी नाही.

आत उतरलेला एक जण पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि सगळेच गेले, अशा बातम्या दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येतात. तेव्हा चेंडू पडो, चप्पल पडो, शेळीचं करडू पडो, मुलांनी विहिरीत उतरायचं नाही म्हणजे नाही. मोठ्यांना हाक मारायची. माणूस पडला असेल तर ११२ या क्रमांकावर फोन करायचा आणि वरूनच दोर, बाज, टायरची ट्यूब असं काही खाली सोडायचं.

सोमवारचा तास

मग सोमवारी मी त्या तिघांना काय शिक्षा केली असेल? सगळ्या शाळेला घेऊन गेले मैदानातल्या कडुलिंबाखाली. रस्सीखेचीचा दोर आणला. एका बाजूला ते तीन वीर आणि त्यांचे दोन पाठीराखे, असे पाच दांडगे. दुसऱ्या बाजूला दुसरीतली आमची सर्वांत बारकी मुलगी, हातांत जुने पायमोजे घालून. मध्ये कडुलिंब आणि त्याला दोराचे तीन वेढे. तिला बजावलं, "दोर सरकायला लागला की सोडून द्यायचा, धरून बसायचं नाही."

"ओढा रे!"

पाचही जणांनी टाचा रोवल्या, तोंडं लाल झाली. दोर जागचा हलेना! ती चिमुरडी एका जागी उभी राहून खुदुखुदु हसत होती. मग मी एक वेढा काढला. तरी दोर हलेना. आणखी एक काढला, तसा दोर सरसर निघाला आणि पाचही वीर एकमेकांच्या अंगावर धपाधप! अख्खी शाळा हसली, ते पाचही हसले.

धूळ झटकत उठलेल्या त्या पोराला मी विचारलं, "काय रे, घर्षण वाईट की चांगलं?"

तो जरा वेळ झाडाकडे पाहत राहिला. म्हणाला, "मॅडम, ते आपल्या हातावर घेतलं तं वाईट, झाडावर घेतलं तं चांगलं."

मी फळ्यावरचं वाक्य पुसलं नाही. त्याच्याखाली त्याचं वाक्य लिहिलं, त्याच्याच हातानं.

तुमच्यासाठी काम

एक, लाटण्याचा प्रयोग करा आणि अर्धा, दीड, अडीच वेढ्यांना किती वजन लागलं ते वहीत लिहा. दोन, लाटण्याला थोडं तेल लावून पुन्हा करा. काय बदललं? प्रयोग झाल्यावर लाटणं धुऊन जागेवर ठेवा! तीन, तुमच्या गावातल्या जुन्या विहिरीच्या काठावर दोराच्या खाचा आहेत का, ते मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, लांबूनच पाहा. आजी-आजोबांना मोटेच्या, पोहऱ्याच्या गोष्टी विचारा.

आईबाबांशी दोन शब्द

शेतातली वापरात नसलेली विहीर जाळीनं झाका किंवा तिला कठडा बांधा. मुलांना दोरावर चढण्या-उतरण्याची हौस असेल तर रागावू नका. ती हौस चांगली आहे. तिला प्रशिक्षित माणसांचं शिबिर मिळवून द्या. आणि पाठवण्याआधी बेधडक विचारा की हेल्मेट आहे का, प्रत्येकाला पट्टा आहे का, मुख्य दोराखेरीज दुसरा सुरक्षेचा दोर लावता का, शिकवणाऱ्यांचं शिक्षण कुठं झालं आहे. चांगली माणसं या प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट खूश होतात. दोरानं हात भाजलाच तर आधी वाहत्या गार पाण्याखाली वीसेक मिनिटं धरा. टूथपेस्ट, तूप, हळद काही लावू नका. साल निघाली असेल तर डॉक्टरांकडे न्या.

दादा आता मोठा झाला आहे, शेती बघतो. त्याचे तळहात केव्हाच बरे झाले. पण परवा मी हे पान लिहायला बसले तेव्हा त्याला विचारलं, "लिहू का रे तुझी गोष्ट?" तो म्हणाला, "लिही. पण हेही लिही, का बायलीले खाली सोडतानी दोन वेढे कधी विसरू नका."

म्हणून लिहिलं. तुमच्या वहीतले आकडे मला जरूर कळवा. पुन्हा भेटू पुढच्या अंकात!